आत्मप्रतिमा आणि परदृष्टी

'नार्सिसिझम' या संज्ञेसाठी मराठी समीक्षेने जे प्रतिशब्द योजले त्यांत 'आत्मरती' हा बहुधा सर्वांत रुळलेला होय. तो योजताना एक विलक्षण गोष्ट घडून गेली. मुंडकोपनिषदात ब्रह्मवेत्त्यांमधील श्रेष्ठ पुरुषाचे वर्णन करताना हाच शब्द आला आहे. भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायात ज्याला कोणतेच कर्तव्य उरलेले नाही अशा मनुष्याचे लक्षण सांगतानाही तोच योजिला आहे. जी अवस्था तेथे साधनेची परिसीमा मानली गेली, तिचेच नाव येथे एका मनोविकाराला दिले गेले. अनुवादाच्या इतिहासात असे अपघात होतातच आणि त्यांबद्दल हळहळण्याचे कारण नाही. परंतु या अपघातात एक प्रश्न दडलेला आहे, तो टाळता येत नाही. स्वतःवर रमणारा मनुष्य नेमका कशावर रमतो? उपनिषदाच्या दृष्टीने आत्मा म्हणजे जे दिसत नाही ते. नार्सिससच्या दृष्टीने 'स्व' म्हणजे जे पाण्यात दिसते तेवढेच. आणि ज्या प्रतिमेमुळे हा शब्द अलीकडे सर्वतोमुखी झाला त्या सेल्फीच्या संदर्भात 'स्व' कोणता, हे तर अद्याप कोणी नीट विचारलेलेच नाही. निदान मात्र सर्वांनी केले आहे.

ऑक्सफर्डच्या कोशकारांनी २०१३ साली 'सेल्फी' हा त्या वर्षाचा शब्द म्हणून निवडला. तेव्हापासून या प्रतिमेविषयी जे लिहिले गेले त्यातील बराच भाग एका अभियोगाच्या स्वरूपाचा आहे: नवी पिढी आत्ममग्न झाली, ती स्वतःच्या रूपावर भाळली, तिला जगाकडे पाहण्याचे भान उरले नाही. हा अभियोग सोपा आहे आणि त्यात तथ्य अजिबात नाही असेही नाही. तथापि ज्या पुराणकथेचा आधार घेऊन तो केला जातो, ती कथा मुळातून वाचली तर अभियोग लटका पडू लागतो.

ओव्हिडच्या 'मेटामॉर्फसिस'च्या तिसऱ्या सर्गात ही कथा येते. अंध द्रष्टा टायरेसियस भविष्य सांगतो की हा मुलगा दीर्घायुषी होईल, पण त्याने स्वतःला ओळखता कामा नये. पुढे पाण्यातील मुखावर नार्सिसस मोहित होतो तेव्हा ते मुख आपले आहे हे त्याला ठाऊक नसते. त्याचे प्रेम दुसऱ्या कोणावर तरी आहे, अशीच त्याची समजूत असते. ओळख पटते ती नंतर. आणि ओळख पटणे हाच त्याच्या नाशाचा क्षण ठरतो. येथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. तो पाण्यात बुडून मरतो असे सर्रास समजले जाते. ओव्हिडचा नार्सिसस बुडत नाही. तो काठावरच्या गवतावर मान टेकून झिजत जातो, आणि मृतांच्या लोकातही स्टिक्स नदीच्या पाण्यात स्वतःला पाहतच राहतो. या साऱ्या कथेत त्याला कोणी पाहावे अशी इच्छा त्याच्या मनाला शिवत नाही. जी त्याला पाहते, ती एको, हिला त्याने आधीच झिडकारलेले आहे.

आता मोबाइल समोर धरलेल्या तरुणाकडे पाहावे. त्याला ओळखीचा भ्रम मुळीच नाही. पडद्यावरचा चेहरा आपला आहे हे तो पूर्णपणे जाणतो. आणि तो चेहरा त्याने केवळ स्वतःसाठी टिपलेला नाही. तो कोणाला तरी धाडण्यासाठी आहे. जी प्रतिमा कोणालाच दाखविली गेली नाही ती तिच्या कर्त्याला अपुरी वाटते. म्हणजे ज्या दोन गोष्टींनी नार्सिससची कथा उभी राहते, भ्रम आणि एकांत, त्या दोन्ही येथे गैरहजर आहेत. तरीही नाव त्याचेच दिले जाते.

दुसऱ्या शतकातील ग्रीक प्रवासवर्णनकार पॉसेनियस याला तर मूळ कथाच पटली नव्हती. प्रेमात पडण्याच्या वयाला पोचलेल्या माणसाला आपले प्रतिबिंब ओळखू येऊ नये, हे त्याला मूर्खपणाचे वाटले. त्याने एक पाठभेद नोंदविला आहे. नार्सिससला जुळी बहीण होती, दोघांचे रूप सारखे, ती वारली. प्रतिबिंब आपले आहे हे जाणूनही तो ते पाहत राहिला, कारण त्यात त्याला बहिणीचा चेहरा भेटत असे. हा पाठभेद मानसशास्त्राच्या वाट्याला आला नाही. हॅवलॉक एलिसने १८९८ मध्ये आणि पुढे फ्रॉइडने १९१४ च्या आपल्या निबंधात जी कथा घेतली ती ओव्हिडची. पॉसेनियसचा नार्सिसस घेतला असता तर हा शब्द आज कदाचित विरहाच्या परिभाषेत गेला असता. अमेरिकन विचारवंत ख्रिस्टोफर लॅश याने १९७९ च्या 'द कल्चर ऑफ नार्सिसिझम' या ग्रंथात निदान अशी एक सूक्ष्मता राखली होती की, या विकाराने ग्रस्त मनुष्य अहंकाराने फुगलेला नसतो. त्याचा 'स्व' इतका दुबळा असतो की इतरांच्या कौतुकावाचून तो उभाच राहू शकत नाही. लॅशचे नाव घेणाऱ्यांनी ही सूक्ष्मता सहसा वाटेतच सांडली आहे.

सेल्फीच्या घडणीकडे यंत्रदृष्ट्या पाहिले तरी हेच दिसते. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून आपण स्वतःला पाहतो तेव्हा पडद्यावरचे रूप आरशातल्यासारखे डावे-उजवे उलटे असते. चित्र साठविताना अनेक यंत्रे ते सुलटे करतात, आणि मग पाहणारा चपापतो: हा चेहरा आपलाच, पण कोठेतरी बिनसलेला. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मानसशास्त्रीय प्रयोगात आढळले होते की, माणसाला स्वतःचे आरशातले उलटे रूप अधिक आवडते आणि त्याच्या स्नेह्यांना सुलटे. कारण साधे आहे. ज्याला जे पाहण्याची सवय, त्याला ते प्रिय. पण याचा अर्थ असा की माणसाचा स्वतःला परिचित असलेला चेहरा आणि जगाला परिचित असलेला त्याचा चेहरा हे दोन वेगळे चेहरे आहेत, आणि सेल्फी काढताना त्या क्षणी ते एकमेकांसमोर येतात. अंतराचीही गोष्ट अशीच. १२ इंचांवरून काढलेल्या चित्रात नाक ५ फुटांवरून काढलेल्या चित्राच्या मानाने सुमारे ३० टक्के रुंद भासते, असे २०१८ मध्ये गणिताने दाखविले गेले आहे. हाताच्या लांबीएवढ्या अंतरावरून जगात आपल्याला पाहते कोण? आई, प्रियकर, मूल, वैद्य. बाकीचे जग आपल्याला दुरून पाहते. सेल्फी जिवलगाच्या अंतरावरून काढली जाते आणि परक्यांकडे पाठविली जाते. तिच्याविषयी जो संकोच किंवा जी चीड वाटते तिचे एक मूळ या विसंगतीत असावे. आणखी एक बारीक खूण आहे. सेल्फीतील डोळे पुष्कळदा भिंगात पाहत नाहीत. ते भिंगाच्या किंचित खाली किंवा बाजूला, पडद्यावरच्या स्वतःच्या रूपाकडे पाहत असतात. पाहणाऱ्याची नजर त्या नजरेला थोडक्यात चुकते.

मराठी भाषेने या संक्रमणाची नोंद आपल्या पद्धतीने केली आहे. हिंदीत छायाचित्र 'खींचतात', मराठीत ते 'काढतात'. चित्र जसे काढायचे तसेच छायाचित्रही. स्टुडिओच्या काळी माणूस 'फोटो काढून घेत' असे. या क्रियापदाला दोन अर्थ आहेत: दुसऱ्याकडून आपल्यासाठी करवून घेणे, आणि दुसऱ्याच्या हातून हिसकावणे. सेल्फीने पहिला अर्थ संपविला, कारण मध्यस्थच उरला नाही. दुसरा अर्थ मात्र ऐतिहासिक दृष्ट्या खरा ठरला. कॅमेरा ज्यांच्या हाती होता त्यांच्या हातून तो खरोखरच काढून घेतला गेला. या घटनेचे मोल कळण्यासाठी या देशात स्वतःची प्रतिमा कोणाच्या ताब्यात होती, हे पाहावे लागते.

जयपूरचे महाराज सवाई रामसिंह दुसरे (राज्यकाल १८३५ ते १८८०) हे निष्णात छायाचित्रकार होते. त्यांनी स्वतःला शिवभक्ताच्या वेषात चित्रित केले; कोणत्या रूपात दिसावयाचे हे ठरविण्याचा अधिकार त्यांचा होता. त्यांनीच जनानखान्यातील स्त्रियांचीही छायाचित्रे घेतली. ती असामान्य आहेत. पण त्या स्त्रियांपैकी अनेकींची नावे आज कोणास ठाऊक नाहीत. त्याच सुमारास, १८६८ ते १८७५ या काळात, लंडनहून 'द पीपल ऑफ इंडिया' या ग्रंथाचे ८ खंड प्रसिद्ध झाले. त्यात या देशातील जाती-जमातींच्या माणसांची छायाचित्रे आहेत, आणि प्रत्येकासोबत त्या माणसाच्या गटाचा स्वभाव, निष्ठा, उपद्रवमूल्य सांगणारा मजकूर आहे. चेहरा माणसाचा, वाक्य दुसऱ्याचे. पुढे मानववंशशास्त्राच्या नावाखाली चौकड्यांच्या पडद्यासमोर उभे करून शरीरे मोजली गेली. एकीकडे राजा स्वतःला हवे तसे घडवितो आहे, दुसरीकडे प्रजा एक नमुना म्हणून नोंदली जाते आहे. भारतीय छायाचित्रणाच्या आरंभीच्या इतिहासाची ही दोन टोके आहेत. शंभर-दीडशे वर्षांनी नोंदल्या गेलेल्या माणसांच्या वंशजांनी कॅमेरा स्वतःकडे वळविला, तर त्या कृतीला आधी विकार म्हणून पाहण्याची घाई संशयास्पद वाटते.

बंगळूरच्या चित्रकर्त्या पुष्पमाला एन. यांनी हा इतिहास स्वतःच्या देहावर उतरवून घेतला. ब्रिटिश छायाचित्रकार क्लेअर आर्नी यांच्यासह त्यांनी २००० ते २००४ या काळात दक्षिण भारतातील स्त्रियांविषयीची जी चित्रमालिका केली, तिच्या नावातच वसाहतकालीन ग्रंथनामांचे विडंबन आहे. तिच्यात त्या कधी रविवर्म्याच्या लक्ष्मीच्या रूपात, कधी चौकड्यांच्या पडद्यासमोर मोजल्या जाणाऱ्या आदिवासी स्त्रीच्या रूपात उभ्या राहतात. प्रत्येक चित्रात चेहरा पुष्पमालांचाच आहे आणि एकही चित्र त्यांचे स्वतःचे नाही. कॅमेरा त्यांच्या हाती नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे. त्या दिसतात, त्यांना पाहते आर्नी. स्वतःची प्रतिमा घडवायची तर भिंग स्वतःच धरले पाहिजे असे नाही, हे त्यांनी सिद्ध केले. दुसऱ्याच्या नजरेने स्वतःला उभे करणे, आणि ती नजर कोणाची हे उघड करणे, एवढे पुरते. हेच काम मराठीत गद्याने आधी केले होते. दया पवारांच्या 'बलुतं'ची (१९७८) रचना आठवावी: दगडू मारुती पवार सांगतो आणि दया पवार ऐकतो. एकाच माणसाचे दोन चेहरे, एक गावाने ओळखलेला आणि एक साहित्याने. अशा लेखनाला 'आत्मचरित्र' म्हणावे की 'आत्मकथन' की 'स्वकथन', यावर मराठीत जो वाद झाला तो केवळ नावाचा नव्हता. त्या 'स्व'मध्ये किती जण राहतात, हा त्यातील खरा प्रश्न होता.

स्वतःला पाहणे आणि दुसऱ्याच्या डोळ्यांनी स्वतःला पाहणे यांतील हा भेद भारतीय परंपरेला अपरिचित नाही. रूपगोस्वामींच्या 'ललितमाधव' या सोळाव्या शतकातील संस्कृत नाटकात एक प्रसंग आहे. कृष्ण रत्नजडित भिंतीत आपले प्रतिबिंब पाहतो आणि स्वतःच्या माधुर्याने थक्क होतो. इथपर्यंत हा नार्सिससच. पण त्यानंतर त्याला जी इच्छा होते ती नार्सिससला कधीच झाली नसती: हे माधुर्य राधेसारखे आपल्याला भोगता यावे. स्वतःचे रूप पूर्णपणे कळावयाचे असेल तर ते पाहणाऱ्या प्रिय व्यक्तीच्या जागी जाऊन बसावे लागेल, हे त्याला उमगते. गौडीय वैष्णव परंपरेने या इच्छेवर पुढे केवढे तत्त्वज्ञान उभारले हे सर्वविदित आहे. त्या परंपरेच्या मते चैतन्यांचा अवतारच तिच्या पूर्तीसाठी झाला. साहित्यविचाराच्या दृष्टीने एवढेच पुरेसे आहे की, येथे आत्मप्रतिमेच्या पलीकडे कोणी एक विशिष्ट पाहणारी आहे, आणि तिचे नाव राधा आहे. आत्मप्रतिमेची कसोटी लावायचीच झाली तर ती येथे लावता येते: ही प्रतिमा कोणाच्या डोळ्यांसाठी आणि कोणाच्या डोळ्यांनी घडली?

अमृता शेरगिल यांचे १९३४ मधील 'सेल्फ-पोर्ट्रेट ॲज अ ताहितियन' हे चित्र या कसोटीला फार विलक्षण रीतीने उतरते. तेव्हा त्या पॅरिसमध्ये होत्या. गोगँने ताहितीच्या स्त्रियांना ज्या नजरेने रंगविले, ती नजर त्यांनी उसनी घेतली आणि आपला उघडा देह तिच्यासमोर उभा केला. मोहाचा आणि निषेधाचा येथे असा गुंता आहे की एकातून दुसरा वेगळा काढता येत नाही. चित्रातील स्त्री प्रेक्षकाकडे पाहत नाही. आणि तिच्या मागे एका पुरुषाची गडद सावली पडली आहे. ती सावली कोणाची, यावर पुष्कळ तर्क झाले. एवढे निश्चित की पाहणारा या चित्रात शिरलेला आहे. ज्याच्यासाठी हा देह मांडला आहे त्याला चित्रकर्तीने अदृश्य राहू दिलेले नाही. त्यांचे वडील उमरावसिंह (१८७० ते १९५४) यांनी आयुष्यभर स्वतःची छायाचित्रे घेतली; १९३० च्या सुमारास उपवासाने कृश झालेला आपला उघडा देहही त्यांनी कॅमेऱ्यासमोर धरला. वडिलांच्या या चित्रांना कोणी विकार म्हटलेले नाही. ती अभिजात मानली जातात, आणि तसे ती आहेतही. पण त्यांच्याकडे पाहताना वापरलेली सहानुभूती बसथांब्यावर स्वतःला टिपणाऱ्या मुलीच्या वाट्याला का येत नाही, हा प्रश्न समीक्षेने स्वतःला विचारावयास हरकत नाही. आपली पूर्वग्रहदृष्टी वर्गाची आहे की वयाची, हे त्यातून कदाचित कळेल.

तथापि सेल्फीच्या बाजूने एवढे बोलून झाल्यावर तिचे खरे दैन्यही सांगितले पाहिजे. ते आत्मप्रेमाच्या अतिरेकात नाही. मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर पिनी यांनी मध्य प्रदेशातील नागदा येथील स्टुडिओंचा अभ्यास आपल्या १९९७ च्या 'कॅमेरा इंडिका' या ग्रंथात मांडला आहे. तेथे येणाऱ्या गिऱ्हाइकाला आपल्या अंतरंगाचे सत्य चित्रात उतरावे असे वाटत नसे; आपण आहोत त्याहून अधिक चांगले, वेगळे, दुसरेच कोणी दिसावे अशी त्याची अपेक्षा असे. रंगविलेल्या पडद्यापुढे तो सिनेनट होई, एकाच चित्रात दोनदा उभा राही. हे खोटेपण मोठे आनंदाचे होते, कारण ते निवडलेले होते. आजच्या मोबाइलमधील 'फिल्टर' वरवर पाहता त्याच स्टुडिओचे वारसदार आहेत; पण ते निवड करू देत नाहीत, ते दुरुस्ती करतात. कातडी गुळगुळीत होते, डोळे मोठे होतात, हनुवटी निमुळती होते, आणि रंग जवळजवळ नेहमी उजळतोच. स्टुडिओच्या पडद्यापुढे प्रत्येक जण वेगळा राजा होत असे; फिल्टरमधून सारे एकाच घरचे भावंडे होऊन बाहेर पडतात. शहराशहरांतून उभारलेल्या 'सेल्फी पॉइंट'ची गत निराळी नाही. भिंतीवर दोन पंख रंगविलेले असतात आणि मधली जागा मोकळी सोडलेली असते. कोठे उभे राहावयाचे, हात कसे पसरावयाचे, हे सारे आधीच ठरलेले. येणाऱ्याने फक्त चेहरा पुरवावयाचा.

म्हणजे येथे अभाव आहे तो 'स्व'चा, आणि त्याहूनही अधिक 'दुसऱ्या'चा. कृष्णाच्या मनात राधा होती, शेरगिल यांच्या चित्रात एक सावली होती, पुष्पमालांसमोर आर्नी आणि तिच्या मागे सारा वसाहतकाल होता. फिल्टर लावलेल्या चेहऱ्यासमोर कोण आहे? तेथे आहे एक मोजणी. पाहणारे किती, एवढेच कळते. पाहणारा कोण, हे कळत नाही. ज्याला नाव नाही त्याच्यासाठी चेहरा घडवायचा तर तो सरासरीचाच घडतो.

या ठिकाणी एक आख्यायिका आठवते. चौदाशे वर्षांच्या चांगदेवाला ज्ञानदेवांना पत्र लिहावयाचे होते. पण वयाने लहान आणि ज्ञानाने थोर अशा या मुलाला 'चिरंजीव' म्हणावे की 'तीर्थरूप', हे त्याला ठरेना. संबोधन सुचले नाही म्हणून कागद कोराच गेला. उत्तरादाखल आल्या त्या ६५ ओव्या, आणि त्यांत आरशाचा दृष्टान्त पुनःपुन्हा येतो: आरशाने मुखाला नवे काहीच दिलेले नसते, मुख आधीपासून होतेच, पाहणारा आणि पाहिला जाणारा असा दुजेपणा तेवढा तो उभा करतो. अद्वैताचा हा सिद्धान्त तूर्त बाजूला ठेवला तरी त्या पत्रव्यवहारातील पहिली गोष्ट उरतेच. चांगदेवाचा कागद कोरा राहिला याचे कारण तो कोणाला तरी लिहीत होता आणि त्या कोणाविषयी त्याला आदर होता.

सेल्फीच्या नादात जे मृत्यू होतात त्यांचा उल्लेख केल्यावाचून हा विषय संपविणे अप्रामाणिक ठरेल. ऑक्टोबर २०११ ते नोव्हेंबर २०१७ या काळात वृत्तपत्रांतील नोंदींवरून जगभरात अशा २५९ मृत्यूंची मोजदाद एका अभ्यासाने केली. त्यांत सर्वाधिक भारतातले होते, आणि बुडून मरणाऱ्यांचे प्रमाण मोठे होते. मुंबईत वांद्र्याच्या किनाऱ्यावरील दुर्घटनेनंतर २०१६ मध्ये पोलिसांनी सेल्फीस मनाई असलेली ठिकाणे ठरवून दिली. पाणी आणि प्रतिबिंब यांचा योग पाहून लेखकांना नार्सिसस आठवला, हे स्वाभाविक. पण निसरड्या खडकावरून लाटेत ओढल्या गेलेल्या मुलीला रूपक बनविणे हे समीक्षेला शोभणारे नाही. ती पाण्यात पाहत नव्हती. तिची पाठ समुद्राकडे होती, आणि तिच्या शेजारी बहुधा तिच्या मैत्रिणी होत्या.

शेजारी कोणी असणे ही गोष्ट सेल्फीच्या अभियोगकर्त्यांनी विचारात घेतलेली दिसत नाही. त्रिपुराचे महाराज वीरचंद्र माणिक्य यांनी १८८० च्या सुमारास राणी मनमोहिनीदेवी यांच्यासह स्वतःचे जे छायाचित्र घेतले, त्यात दोघे निकट बसलेली आहेत. मुलींची संख्या घटलेल्या हरियाणातील जिंद जिल्ह्याच्या बीबीपूर गावी २०१५ च्या जून महिन्यात पंचायतीने एक स्पर्धा जाहीर केली: पित्याने मुलीसह सेल्फी काढून पाठवावी. त्याच महिन्यात पंतप्रधानांनी आपल्या नभोवाणी-भाषणात तिचा उल्लेख केला आणि देशभरातून अशी चित्रे येऊ लागली. या चित्रांना कलामूल्य नाही, आणि त्यांतील हसू पुष्कळ वेळा शासकीय वाटते. तरी त्यांपैकी एखाद्या चित्रापाशी थांबावे. मोबाइल पित्याच्या हातात आहे. चौकट त्याने ठरविली आहे. रामसिंहांच्या जनानखान्यापासून आपण वाटते तितके दूर आलेलो नाही. परंतु जेथे मुलीचा जन्म ही सांगण्याजोगी गोष्ट नव्हती तेथे एका पुरुषाने स्वतःची प्रतिमा तिच्यावाचून अपुरी मानली आहे, आणि त्याच्या लांबविलेल्या हाताच्या कडेला ती मुलगी, भिंग सोडून, पडद्यावर आपण दोघे कशी दिसतो ते पाहते आहे.